नव्या जात्यातली कच

गेल्या वर्षी दसऱ्याच्या मुहूर्तावर आमच्या घरी नवा लॅपटॉप आला. पैसे माझे, निवड मुलीची, घासाघीस पत्नीची आणि पूजा आईची, अशी कामाची वाटणी झाली होती. दसऱ्याला ज्याने त्याने आपल्या हत्याराची पूजा करावी, हा आमच्या घरचा जुना परिपाठ. वडील होते तेव्हा पाटावर त्यांची दोन फाउंटन पेने, शाईची दौत आणि हजेरीपत्रक मांडले जाई. या वेळी आईने पाटावर सरस्वती काढली, शेजारी नवे यंत्र ठेवले, त्याला झेंडूचे फूल वाहिले आणि हळदकुंकवाचे बोट पुढे केले.

"आजी, जपून! त्या भोकात जाऊ देऊ नकोस," मुलगी ओरडली.

"एवढं मला कळतं गं. शिवणयंत्राची पूजा करत आलेय मी चाळीस वर्षं," आई म्हणाली आणि तिने झाकणावर मधोमध एक नेटके बोट टेकवले.

हे यंत्र मी हौसेखातर घेतलेले नव्हते. जुना संगणक अकरा वर्षे इमानाने राबून श्रावणात कायमचा निजला होता, आणि माझ्यापुढे एक काम होते. आईला जात्यावरच्या ओव्या येतात. तिच्या लहानपणी त्यांच्या गावात पिठाची गिरणी नव्हती; पहाटे तिची आई आणि काकू दळायला बसत आणि ही त्यांच्या मांडीवर डोके ठेवून ऐकत असे. दोन वर्षांपूर्वी मी तिच्या ओव्या फोनवर ध्वनिमुद्रित करायला सुरुवात केली. दुपारी चहानंतर ती गायची आणि मी फोन धरून बसायचो. अशी चौसष्ट मुद्रणे झाली. फोनमध्ये जागा पुरेना, म्हणून ती सगळी आधी जुन्या संगणकावर आणि तिथून नव्या यंत्रावर हलवली. आता एकेक ऐकायची, उतरवून काढायची आणि अडलेल्या शब्दांचा अर्थ आईला विचारायचा, असा माझा बेत होता. बेताला घाई होती. आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची. अलीकडे तिला ओवीचा आरंभ आठवतो आणि शेवट हरवतो. मग ती माझ्याकडे बघून हसते आणि म्हणते, "राहू दे. उद्या येईल."

तर दसऱ्याच्या संध्याकाळी सोने वाटून झाल्यावर मी यंत्र सुरू केले. सुरू केले की ते चालू लागेल, अशी माझी भाबडी समजूत. पण त्याने आधी माझी उलटतपासणी आरंभली. नाव काय, गाव कुठले, पत्ता काय, पासवर्ड कोणता; आणि दर दोन प्रश्नांनंतर एक लांबलचक करारपत्र, त्याखाली 'मान्य' असे लिहिलेले निळे बटण. मी ते नऊ वेळा दाबले. एकदाही वर काय लिहिले आहे ते वाचले नाही. वर्गात मी मुलांना गेली वीस वर्षे सांगत आलो आहे की, कवितेतला एकही शब्द न वाचता ओलांडू नका. कवीने तो उगाच घातलेला नसतो. त्या करारपत्रातलेही शब्द कुणी उगाच घातलेले नव्हते. पण गृहस्थाला नव्या वस्तूचा उत्साह चढला की त्याच्यातला अध्यापक रजेवर जातो.

पडदा उजळला आणि माझ्या लक्षात आले की घर रिकामे नाही. पदरमोड करून नवी कोरी जागा घ्यावी, वास्तुशांत करावी, कुलूप उघडून आत पाऊल टाकावे, तर प्रत्येक खोलीत एकेक बिऱ्हाड चूल मांडून बसलेले दिसावे, तसे झाले. मी मोजले. माझा ज्यांच्याशी काडीचा संबंध नव्हता असे चौदा कार्यक्रम त्या यंत्रात आधीच मुक्कामाला होते. चार तर नुसते खेळच. एक दुकान, ते दर तासाला सवलत जाहीर करायचे. एक बातम्यांचा फळा, त्यावर कुठल्या तरी नटीचा घटस्फोट आणि पोट कमी करण्याचे उपाय. लेखनासाठी म्हणून एक नामांकित संच होता, पण तो महिन्याभराच्या बोलीवर. पुढे वर्षाची वर्गणी भरा, नाही तर लिहायचे थांबा. खुद्द यंत्र बनवणाऱ्या कंपनीचे तीन मदतनीस होते. तिघांचेही काम एकच, ते म्हणजे आपण मदतीला आहोत हे सांगत राहणे.

आणि या सर्वांवर ताण म्हणजे एक पहारेकरी. अँटिव्हायरस. त्यालाही मी बोलावले नव्हते. तीस दिवस तो फुकट राखण करणार होता आणि त्या तीस दिवसांत त्याने एकही चोर पकडला नाही. मात्र चोर आल्याची आरोळी रोज ठोकली. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात लाल चौकट झळकायची: 'तुमचा संगणक धोक्यात आहे.' खाली वर्षाच्या वर्गणीचा आकडा. ती चौकट बंद करायची फुली इतकी बारीक की माझ्या चष्म्याचा नंबर वाढला की काय, अशी शंका यावी.

एके दुपारी मी आईला शेजारी बसवून एक ओवी ऐकवत होतो. तिच्यातला एक शब्द मला लागत नव्हता. आई डोळे मिटून आपल्याच दोन वर्षांपूर्वीच्या आवाजाबरोबर गुणगुणू लागली, पुढचे, मुद्रणात नसलेले एक कडवे तिच्या ओठांवर आले, आणि त्याच क्षणी टण्णकन घंटा वाजून लाल चौकट वर आली. आईने दचकून डोळे उघडले.

"काय झालं रे? बिघडलं का? माझ्या बोलण्यानं झालं?"

"काही नाही गं. जाहिरात आहे."

"लाल आहे म्हणून म्हटलं," ती म्हणाली आणि गप्प बसली. ते कडवे पुन्हा काही तिला आठवले नाही. त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही.

मी तसा रागीट माणूस नाही. पण त्या संध्याकाळी मी मुलीला बोलावले आणि म्हणालो, "ही सगळी मंडळी मला घराबाहेर काढायची आहेत."

त्या निमित्ताने मी पुष्कळ वाचले आणि माझे अज्ञान थोडेबहुत दूर झाले. ही मंडळी यंत्रात येतात कशी? तर भाडे भरून. संगणक विकणाऱ्यांमध्ये स्पर्धा मोठी, एका यंत्रामागे सुटणारा नफा थोडा. म्हणून खेळवाले, अँटिव्हायरसवाले, दुकानवाले कंपनीला पैसे देतात आणि आपला माल आधीच आत भरून घेतात. शंभरातल्या थोड्या जणांनी जरी पुढे वर्गणी भरली तरी त्यांचा खर्च निघतो. उरलेल्यांनी काय करायचे? त्यांनी सोसायचे. या फुकट्या भरताडामुळे यंत्र सुरू व्हायला वेळ लागतो, जागा अडते, बॅटरी लवकर उतरते. म्हणजे भाडे घेणारा एक, राहणारा दुसरा, आणि घरपट्टी भरणारा तिसराच.

आणि ही गोष्ट काही आजची नव्हे. मार्च २००८ मध्ये सोनी कंपनीने अमेरिकेत आपल्या काही लॅपटॉपवर एक सोय देऊ केली होती. अशी सगळी भरताड काढून स्वच्छ केलेले यंत्र हवे असेल तर सुमारे ५० डॉलर जादा भरा! आधी घरात कचरा टाकायचा आणि मग तो उचलण्याची मजुरी मागायची, असा तो प्रकार. लोकांनी इतका गिल्ला केला की कंपनीला ती आकारणी ताबडतोब मागे घ्यावी लागली.

दुसरे उदाहरण याहून गंभीर. लेनोवोने २०१४ च्या उत्तरार्धात विकलेल्या काही लॅपटॉपमध्ये 'सुपरफिश' नावाचा एक कार्यक्रम भरलेला होता. काम जाहिराती दाखवण्याचे. पण त्यासाठी तो माणूस आणि त्याची बँक यांच्यामधला मोहोरबंद पत्रव्यवहारही वाटेत उघडून पाहू शकेल, अशी त्याची रचना होती. त्यात भर म्हणजे प्रत्येक यंत्रावर त्या मोहोरेची किल्ली एकच. एकाची किल्ली चोराच्या हाती लागली की सगळ्या वाड्यांची दारे उघडी. फेब्रुवारी २०१५ मध्ये हे उजेडात आल्यावर कंपनीने तो कार्यक्रम बंद केला आणि तो उपटून काढण्याचे साधन लोकांना दिले. पुढे सप्टेंबर २०१७ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनबरोबर तिला तडजोड करावी लागली. आपल्याकडेही फोनमध्ये आधीच भरून येणाऱ्या अॅप्सचा प्रश्न आयोगापर्यंत गेला. फोन बनवणाऱ्यांवर आपल्या अॅप्सचा अख्खा गठ्ठा लादल्याच्या मुद्द्यासह इतर कारणांसाठी भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये गूगलला १३३७ कोटी ७६ लाख रुपयांचा दंड केला. मार्च २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणाने तो दंड कायम ठेवला, आयोगाचे काही आदेश मात्र रद्द केले.

हे सारे वाचून मला धीर आला. आपण एकटेच बावळट नाही, या जाणिवेसारखे दुसरे टॉनिक नाही.

रविवारी सकाळी पोहे खाऊन आम्ही बापलेक कामाला बसलो. काढण्याची वाट तशी अवघड नाही. सेटिंग्जमध्ये अॅप्सची यादी असते. एकेकाच्या नावासमोर तीन ठिपके, त्यावर दाबले की 'अनइन्स्टॉल'. खेळ मुकाट्याने गेले. दुकानाने जाताना विचारले, 'आपण आम्हाला का सोडता आहात?' आणि पाच पर्याय पुढे ठेवले. त्यात माझे कारण नव्हते. कंपनीच्या तीन मदतनिसांपैकी मुलीने एक राहू दिला. "बाबा, हा दुरुस्त्या आणतो. याला घालवू नका." माझा नियम 'सगळे बाहेर' असा होता, तिचा नियम 'आधी काय करतो ते बघू' असा होता. तिचा नियम बरोबर होता हे मला पुढे महागात पडून कळायचे होते.

पहारेकऱ्याने मात्र दारातच बैठक मारली. 'तुम्ही खरेच असुरक्षित राहू इच्छिता?' 'पुन्हा विचार करा.' 'पन्नास टक्के सवलत घ्या.' गेल्यावरही त्याची चंबूगबाळी मागे राहिली. ती काढायला त्याच्याच कंपनीने दिलेले वेगळे साधन उतरवून घ्यावे लागले. मी काळजीत पडलो की आता राखण कोण करणार? मुलगी म्हणाली, "विंडोजचा स्वतःचा पहारेकरी असतो, डिफेंडर. हा वर बसला होता म्हणून तो गप्प होता." आणि खरेच, भाडोत्री उठताच घरचा जागा झाला. त्याने आजवर एकदाही वर्गणी मागितलेली नाही.

दुपारपर्यंत यंत्र हलके झाले. सुरू व्हायला आधी दीड मिनिट लागायचे, ते आता अर्ध्या मिनिटात उठू लागले. आई पलंगावरून हा सोहळा पाहत होती.

"एवढा वेळ काय काढताय त्यातनं?"

मी तिला समजेल असे सांगू लागलो. पण तिला ते माझ्या आधीच समजले होते.

"म्हणजे कच," ती म्हणाली. "नवं जातं आणलं की त्यावर पहिलं दळण घरच्या धान्याचं घालत नाहीत. टाकीचे घाव ताजे असतात, दगडाची कच पिठात उतरते. आधी कोंडा घालायचा, दळायचा आणि टाकून द्यायचा. दोनदा, तीनदा. कच गेली की मग जोंधळे."

चौदा कार्यक्रम आणि तीन खटले यांचे सार तिने दगडाच्या दोन तळ्यांत दळून दिले. मी फार खूश झालो. आणि मनुष्य फार खूश झाला की तो चूक करतो.

दोन दिवसांनी पडद्यावर नवी सूचना आली: 'तुमची साठवण भरत आली आहे. अधिक जागा विकत घ्या.' मी चमकलो. यंत्रात तर ढीगभर जागा शिल्लक होती. शोध घेतला तेव्हा कळले की ही जागा यंत्रातली नव्हेच. ती क्लाउडमधली, म्हणजे दूर कुठेतरी कुणाच्या तरी कोठारातली. ५ जीबी फुकट, पुढे पैसे. माझ्या 'डॉक्युमेंट्स'मधले सगळे, म्हणजे प्रश्नपत्रिका, तीन पिढ्यांची छायाचित्रे, आईची मुद्रणे, आपोआप तिकडे जाऊन बसले होते. मेघाच्या हाती निरोप देण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. पण त्या यक्षाने निदान मेघाला विनवणी केली होती. मी कधी केली? त्या नऊ निळ्या बटणांपैकी एका बटणाने.

माझा पारा चढला. घरात मुलगी नव्हती, पत्नी बँकेत होती. मी त्या कोठाराचे पान उघडले, सगळे निवडले आणि पुसून टाकले. मध्ये कसलीशी सूचना आली. ती मी न वाचताच बाजूला सारली. स्वच्छतेच्या भरात यंत्रावरची कचऱ्याची टोपलीही रिकामी केली. आपल्या घरातले आपल्या घरात, परक्याकडचे नाहीसे, असा माझा सरळ हिशेब.

मला हे ठाऊक नव्हते की ते कोठार म्हणजे दुसरी प्रत नव्हे. तो आरसा होता. तिकडचे पुसले की इकडचेही पुसले जाते.

नंतर कॉलेजात परीक्षा आल्या, पेपर तपासणे आले. एकोणीस दिवसांनी मी ओव्या उघडायला गेलो तर फोल्डर रिकामे. आधी मला वाटले, भलतीकडे आलो. मग सगळीकडे पाहिले. फोनवरची केव्हाच पुसली होती. जुन्या संगणकातली तबकडी भंगारवाल्याने नेली होती. चौसष्ट दुपारी, अकरा तासांचा आवाज. आई शेजारच्या खोलीत टाळ्या वाजवून माशी हाकलत होती, तेवढा एक आवाज मला ऐकू येत होता. ती गाणारी आई आता तिच्यातही उरली नव्हती आणि माझ्याकडेही.

पत्नी संध्याकाळी आली तेव्हा मी दिवा न लावता बसलो होतो. तिने सगळे ऐकून घेतले. ती रागावली नाही, पर्स ठेवली, हातपाय धुतले, चष्मा लावला आणि म्हणाली, "पुसताना जी सूचना आली होती, त्यात काय लिहिलं होतं?"

"वाचली नाही."

"नंतर मेल आला असेल."

"आला असेल. रोज वीस येतात."

ती गेली चोवीस वर्षे कर्जविभागात आहे. कागद पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचल्याशिवाय ती पुढे सरकवत नाही. दूधवाल्याचे बिलसुद्धा नाही. या सवयीची मी लग्नापासून थट्टा करत आलो आहे. तिने माझ्या मेलच्या गर्दीत एकोणीस दिवस मागे जाऊन ते पत्र शोधून काढले आणि सावकाश वाचले. 'आपण बऱ्याच फायली एकदम पुसल्या आहेत. त्या कोठाराच्या टोपलीत ३० दिवस राहतील. त्यानंतर त्या परत मिळणार नाहीत.'

"अजून अकरा दिवस आहेत," ती म्हणाली. "अहो, सही करण्याआधी कागद वाचायचा असतो."

टोपली उघडली. सगळे होते. 'परत आणा' म्हणून दाबले आणि एकेक नाव फोल्डरात उतरू लागले. पहिले उतरले ते मी लगेच लावले. आईचा आवाज आला. आतून आई म्हणाली, "कोण गातंय गं?" आम्ही दोघे एकमेकांकडे पाहत राहिलो आणि मग पत्नी उठून आत गेली.

त्या रात्री मला झोप लागली नाही. मी त्या लोकांवर चिडलो होतो, कारण त्यांनी मला न विचारता माझ्या घरात पाय ठेवला. ते खरेच आहे आणि अजूनही मला ते पटत नाही. माणसाने पूर्ण किंमत मोजून घेतलेली वस्तू पूर्णपणे त्याची असावी, ही मागणी काही फार मोठी नाही. पण त्यांनी विचारलेच नव्हते असे मात्र नाही. बारीक अक्षरात, कंटाळवाण्या भाषेत, मी वाचणार नाही अशा हिशेबाने का होईना, विचारले होते. मी न वाचता 'मान्य' म्हटले. आणि पुढे न वाचताच 'काढून टाका' म्हटले. पहिल्या चुकीला आळस म्हणतात आणि दुसरीला तडफ, एवढाच फरक. त्यांचा धंदा माझ्या न वाचण्यावर चालतो, आणि वाचायला शिकवणे हा माझा धंदा आहे.

आता आमच्या घरी व्यवस्था अशी आहे. ओव्यांची एक प्रत यंत्रात. एक प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर. ती पत्नीच्या कपाटात, बँकेच्या पासबुकांशेजारी. आणि तिसरी त्याच कोठारात. हो, त्या भाडेकरूला मी ठेवून घेतले. शेवटी संकटात उपयोगी पडला तो तोच. पण या वेळी त्याचे करारपत्र मी बसून वाचले. दोन संध्याकाळी लागल्या. कुठले फोल्डर त्याच्याकडे जायचे आणि कुठले नाही, हे आता मी ठरवतो. आजवर तीनशेच्या वर ओव्या उतरवून झाल्या. लाल चौकटीने पळवलेले कडवे त्यात नाही. त्या ओवीखाली मी दोन ओळींची जागा कोरी सोडली आहे.

गेल्या महिन्यात मुलीला नवा फोन घेतला. चौघेही भोवती बसलो. पडदा उजळला, पहिलेच करारपत्र आले, खाली 'मान्य'. मुलीने बोट उचलले, माझ्याकडे पाहिले आणि फोन माझ्या हातात दिला. "वाचा, बाबा."

मी चष्मा पुसून वाचायला लागलो. चहा दोनदा झाला. आई थोडा वेळ ऐकत बसली, मग तिने विचारले, "हे काय आहे रे? पोथी?"

"नाही गं. कच काढतोय."

"काढ, काढ," ती म्हणाली. "घाई करू नकोस."